घाट जवळ आलाय, पोटरी मात्र साथ देत नाहीये

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोल्हापूरहून लिहिणाऱ्या या ताई ४४ वर्षांच्या आहेत, बँकेत नोकरी करतात. चाळिशीनंतर रंकाळ्यावर फिरायला जायला लागल्या, तिथल्याच एका ग्रुपबरोबर पळू लागल्या, आणि यंदा सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला त्यांनी पहिल्यांदाच नाव दिलंय. मे महिन्यापर्यंत त्या सलग १५ किलोमीटरपर्यंत पोचल्या होत्या. मग जोतिबाच्या चढावर सराव करताना उजव्या पोटरीत आत कुठेतरी ओढ बसली. दहा दिवस आराम केला, पूर्ण बरं वाटलं, पुन्हा पळायला गेल्या आणि चौथ्या-पाचव्या किलोमीटरला पोटरी परत भरून आली. असं तीनदा झालंय. मालिश करून झाली, शेक देऊन झाला. रोज जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा खाली सोडून ताण देणंही चालू आहे. एप्रिलमध्ये बूट बदलले, नवे बूट टाचेकडे बरेच पातळ आहेत. ग्रुपमधले म्हणतात, "पळता पळता सुटेल, फार तर त्या दिवशी एक गोळी घे." घरचे म्हणतात, "या वयात हे हवंय कशाला?" शर्यतीला सात आठवडे उरलेत. पळावं की नाव मागे घ्यावं, आणि मागे घेतलं तर बिब (शर्यतीत कपड्यांवर लावायचा आपला नंबर) भाच्याला देता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर

ताई, "आराम केला की पूर्ण बरं होतं, पळायला लागलं की पुन्हा धरतं," असं तुम्ही लिहिलंय. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला पटत नाही. आरामाने तुमचं दुखणं थांबतंय, पोटरी बरी होत नाहीये. दुखणं थांबणं आणि स्नायूत पूर्वीची ताकद येणं यांत काही आठवड्यांचं अंतर असतं, आणि तुम्ही तिन्ही वेळा नेमक्या त्याच अंतरात पळायला गेलात. नव्या भिंतीचा गिलावा वरून वाळलेला दिसतो, पण आठवडाभर पाणी मारल्याशिवाय तो पक्का होत नाही. दुखावलेल्या स्नायूचं असंच आहे, आणि त्याला जे "पाणी" लागतं त्याबद्दलच मला आज जास्त बोलायचंय. त्याआधी पोटरीत नेमकं काय होत असावं ते बघू.

पोटरीत मुख्य स्नायू दोन. चवड्यावर उभं राहिलं की मागे जो फुगलेला दिसतो तो गॅस्ट्रॉक्निमियस. तो गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्या खाली झाकलेला, चपटा आणि रुंद असा सोलियस. तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोन्ही खाली जाऊन टाचेमागच्या एकाच जाड कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, मिळतात, जिला आपण अकिलीस म्हणतो. वरचा स्नायू फाटतो तेव्हा लपत नाही. बॅडमिंटन खेळताना किंवा एकदम वेग घेताना मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटतं आणि माणूस लंगडतच घरी येतो. सोलियसचं तसं नसतं. दुखणं खोल असतं, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, चालताना काहीच जाणवत नाही. पळायला लागल्यावर काही किलोमीटर गेले की पोटरी जड होते, भरून येते, आणि थांबलं की सैल पडते. म्हणून लोक त्याला दुखापत मानतच नाहीत. "आखडलीय जरा" म्हणून महिनोन् महिने ओढत नेतात. लांब पळणाऱ्यांमध्ये हा त्रास मी सतत बघते, आणि तुमचं वर्णन त्याच्याशी बरंच जुळतं.

पत्रावरून निदान होत नाही, त्यामुळे फिजिओकडे एकदा जाच. पण घरी एक गोष्ट करून बघा. भिंतीला हात टेकून फक्त उजव्या पायावर उभ्या राहा आणि गुडघा सरळ ठेवून टाच उचला, दहा-बारा वेळा. मग तेच गुडघा थोडा वाकवून, तसाच वाकलेला ठेवून करा. गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो आणि भार सोलियसवर येतो. दुसऱ्या प्रकारात पाय लवकर थकला, थरथरला किंवा आत दुखलं, तर शंका सोलियसवर जाते. मग डाव्या पायावर करा. दोन पायांत किती फरक आहे हे बघून बहुतेक जण चकित होतात, कारण रोजच्या चालण्यात तो कळत नाही. दोन्हींचे आकडे लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. पोटरीचं प्रत्येक दुखणं स्नायूचं नसतं. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम, लालसर वाटत असेल, बसल्या जागीही दुखत असेल, आणि विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा गर्भनिरोधक गोळ्या-हार्मोनचे उपचार असं काही अलीकडे झालं असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला मालिश अजिबात करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दाबलं की कळ येते, रात्री ठणकतं, असं असेल तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता बघावी लागते. त्यावर पळत राहिलं तर मोठं फ्रॅक्चर होऊ शकतं. मुंग्या येत असतील, कंबरेपासून पायात कळ उतरत असेल, तर मूळ मणक्यात असू शकतं. आणि डॉक्टरांना तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी सांगा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्सनी अकिलीस कंडरेला इजा होऊ शकते. पावसाळ्यात पोट बिघडलं किंवा लघवीचा संसर्ग झाला की ही औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात, आणि पळणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

यातलं काही नाही असं धरून पुढे जाऊ.

तुमच्यासमोर तुम्ही दोनच रस्ते ठेवलेत: एक तर पूर्ण आराम, नाहीतर पळणं. ग्रुप एका बाजूला ओढतोय, घर दुसऱ्या बाजूला. पोटरीला या दोन्हींपैकी काहीच नकोय. पळताना प्रत्येक पावलाला सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो असा अंदाज आहे. वजन ६० किलो धरलं तरी हा आकडा साडेतीनशे किलोच्या वर जातो, आणि तो एका किलोमीटरमध्ये शेकडो वेळा येतो. दहा दिवस सोफ्यावर काढलेल्या स्नायूला अकराव्या दिवशी हे काम सांगायचं आणि चौथ्या किलोमीटरला त्याने माघार घेतली की त्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. त्याला हवंय मोजून दिलेलं, हळूहळू वाढवत नेलेलं वजन. आराम फक्त पहिल्या दोन-चार दिवसांचा. त्यानंतर भार नसेल तर नवे तंतू कसेही, कुठल्याही दिशेने आणि कमकुवत भरून येतात. पोटरी पुन्हा दुखावण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती आधी दुखावलेली असणं, आणि ही साखळी तुटते ती ताकदीने.

म्हणून हा व्यायाम. जिममध्ये बसून पोटरी उचलायचं मशीन असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातली साधी, बिनचाकांची खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, चवड्याखाली दोन इंच जाडीचा पाट किंवा फळी, टाच अधांतरी. गुडघ्यावर टॉवेलची घडी, आणि त्यावर दहा किलोची तांदळाची पिशवी आडवी ठेवून दोन्ही हातांनी धरा. तीन आकडे मोजत टाच वर, वर गेल्यावर क्षणभर थांबा, तीन आकडे मोजत खाली. घाई केलीत तर काम कंडरेच्या उसळीने होतं, स्नायू फुकट सुटतो. आठ ते बारा वेळा, असे चार फेरे, दोन्ही पायांना, एक दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळा खरंच जड गेलं पाहिजे. बारा वेळा आरामात होऊ लागलं की वजन वाढवा: वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो. त्यापुढे जिम गाठावी लागेल, कारण पळणाऱ्याच्या सोलियसला तांदळाची पिशवी लवकरच हलकी पडते. जवळपास स्वतःच्या वजनाइतका भार बसून उचलता येणं हे लांबचं ध्येय. याच्या जोडीला उभं राहून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर टाचा उचलणं. बायका, विशेषतः चाळिशीपुढच्या, वजन उचलायला बिचकतात. दोन-दोन किलोचे डंबेल्स हलवून हे होणार नाही. जड उचला.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर तीनपर्यंतचं दुखणं चालेल. अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरून बाथरूमपर्यंत जाताना पोटरी कालच्यासारखीच असली पाहिजे. सकाळी जास्त आखडली असेल तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी कमी. हीच मोजपट्टी पळण्यालाही लावायची. घड्याळातल्या ॲपपेक्षा ही सकाळची दहा पावलं तुम्हाला जास्त खरं सांगतील.

पहिले दोन आठवडे पळणं बंद ठेवा. "म्हणजे इतक्या महिन्यांची मेहनत वाया," असं तुमच्या मनात येणारच, पत्रातही तो सूर आहे. दम इतक्या लवकर उतरत नाही. दहा-पंधरा दिवसांत हृदय-फुप्फुसाची क्षमता फार घटत नाही, आणि सायकल चालवली, पोहलात तर जवळपास टिकते. ज्या दिवशी ग्रुपबरोबर लाँग रन असायचा त्या दिवशी तेवढाच वेळ सायकल चालवा, मधे पाच-पाच मिनिटं जोर लावून. पेडल चवड्याने न मारता पावलाच्या मध्याने मारा, पोटरीवर भार कमी येतो.

नंतर पळायला कधी लागायचं? चाळीस मिनिटं भरभर चालून काही झालं नाही, आणि उजव्या एका पायावर वीस उड्या न दुखता मारता आल्या, की. रंकाळ्याची सपाट बाजू धरा. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सात-आठ वेळा. एक दिवस सोडून पुन्हा. सकाळची परीक्षा पास झाली की पळण्याचा वाटा वाढवा, चालण्याचा कमी करा. वेग सगळ्यात शेवटी, आणि चढ त्याच्याही नंतर. ग्रुप सोबत असेल तर हे जमत नाही, हे मला माहीत आहे. तिसऱ्या मिनिटाला सगळे पुढे गेले की पाय आपोआप त्यांच्यामागे धावतात. हे तीन-चार आठवडे एकट्या जा, किंवा नव्याने चालायला लागलेल्या कुणाला तरी सोबतीला घ्या.

पायरीवरचा ताण आज बंद करा. तुम्हाला पोटरी आखडलेली वाटते म्हणून तुम्ही ती ओढता, पण आखडणं हे इथे दुबळेपणाचं लक्षण आहे. दुखावलेला स्नायू स्वतःला आवळून धरतो. टाच खाली सोडून सगळं वजन टाकलं की तुम्ही त्याच भरत असलेल्या जागेला रोज उसवताय. मालिशबद्दल: हलक्या हाताने बरं वाटत असेल तर करा, गुठळीची शंका नाही हे पक्कं झाल्यावर. अंगठ्याने "गाठ फोडून काढतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तिथे फोडण्यासारखी गाठ नसते.

आणि गोळी. शर्यतीच्या सकाळी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन पळणं मी कुणालाही सुचवणार नाही, तुम्हाला तर नाहीच. ती घेतली की चौथ्या किलोमीटरची सूचना तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि घाटाच्या मध्यावर लहान इजेची मोठी होईल. शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, पोटालाही त्रास देतात. ग्रुपमधल्या कुणाला आजवर काही झालं नाही, यावरून तुम्हालाही होणार नाही असं ठरत नाही.

बुटांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. एप्रिलमध्ये पातळ टाचेचे बूट आणि मेमध्ये जोतिबाचा चढ. टाच जितकी खाली, तितकी प्रत्येक पावलाला पोटरी जास्त ताणली जाते. चढावर हेच आणखी वाढतं. दोन्ही भार लागोपाठच्या महिन्यांत एकाच स्नायूवर पडले. नव्या बुटांत दोष नाही, बदल एकदम झाला. जुने बूट झिजले नसतील तर तेच घाला, नाहीतर टाचेकडे जाड असलेले घ्या. काही आठवडे दोन्ही बुटांत टाचेखाली पातळ उशी घातली तरी फरक पडतो. पातळ बुटांकडे परत जायचंच असेल तर हिवाळ्यात, आठवड्यातून एकदा, थोड्या अंतरासाठी.

आता सातारा. अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, हे कुठेही तेवढंच. पण ते अंतर कापणं सगळीकडे सारखं नसतं. साताऱ्यात शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर जाऊन मागे फिरायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. म्हणजे पूर्वार्धात तुमच्या सगळ्यात दुबळ्या स्नायूकडून सगळ्यात जास्त काम. सप्टेंबरमध्ये रस्ता ओला, धुकं, कडेला शेवाळ. उतारावर मांड्यांवर ब्रेकसारखा ताण येतो, आणि थकलेल्या मांड्यांमुळे पाय वेडावाकडा पडला की पुन्हा पोटरीच. पहिली शर्यत म्हणून इतकी अवघड निवडलीत यात मला तुमची हौस दिसते, आणि ती मला आवडली. पण दुखऱ्या सोलियससाठी महाराष्ट्रात याहून कठीण परीक्षा शोधावी लागेल.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. ठरावीक वेळेत पूर्ण करायचा विचार आजच सोडा. यंदा हा घाट तुमच्याकडून पळून होईल असं मला वाटत नाही. चालत-पळत होऊ शकेल का, हे पाच आठवड्यांनी ठरवा, पण कशावरून ठरवायचं ते आज लिहून ठेवा आणि कागद फ्रिजवर लावा. शर्यतीआधी दोन आठवडे जो रविवार येतो, त्या दिवशीचा हिशोब असा: गुडघा वाकवून एका पायावर टाच उचलणं, उजव्याला डाव्याच्या निदान नव्वद टक्के जमलं पाहिजे. एका पायावर वीस उड्या न दुखता. आधीच्या दोन आठवड्यांत एकाही सकाळी पोटरी आखडलेली नको. आणि एकदा दहा-बारा किलोमीटरची फेरी चालत-पळत झालेली हवी, ज्यात थोडा चढ आहे आणि तो तुम्ही चाललात. यातलं एक जरी जमलं नसेल तर जायचं नाही. आदल्या रात्री सगळे जण कपड्यांवर बिब लावून फोटो टाकत असताना कुणालाच असा निर्णय घेता येत नाही, म्हणून तो आधी घ्यायचा.

सगळं जमलं तर जा, आणि घाट चाला. पूर्ण घाट. चढावर बरेच जण चालतात, त्यात काही कमीपणा नाही. पाऊल लहान, टाच पूर्ण टेकवून, चवड्यावर चढायचं नाही. वर सपाटीला आलात की एक-दोन मिनिटं पळा, मग चाला. उतारावर स्वतःला सोडून देऊ नका. वेळेची मर्यादा किती आहे ते आयोजकांच्या सूचनांमध्ये आधी बघून घ्या आणि तुमच्या चालीचा हिशोब त्याच्याशी मांडा. बसत नसेल तर तेही उत्तरच आहे. आणि वाटेत पोटरीने तीनच्या वर आवाज दिला तर थांबा. जवळच्या मदत केंद्रावर सांगितलं की खाली आणायची व्यवस्था होते.

नाही जमलं तर? सातारा हिल हाफ २०१२ पासून होतेय, ती काही शेवटची नाही. डिसेंबरात वसई-विरार आहे, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. मुंबईच्या अर्ध मॅरेथॉनचा रस्ता साताऱ्याच्या तुलनेने सपाट आहे, आणि हवाही बरी असते. पोटरीला ताकद यायला जे तीन-चार महिने लागतात ते तिथे हिशोबात बसतात. फीचे पैसे गेले ते गेले. ते पळूनही परत येणार नाहीत.

पण ताई, मला वाटतं तुम्हाला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट टोचतेय. नाव मागे घेतलं तर "बघ, म्हटलं नव्हतं?" हे ऐकावं लागेल. पत्रात तुम्ही पोटरीबद्दल जेवढं लिहिलंय, जवळजवळ तेवढंच घरच्यांबद्दल लिहिलंय. शर्यतीतून माघार घेणं म्हणजे त्यांचं म्हणणं मान्य करणं, असं तुम्ही धरून चाललात. ते मला मुळीच पटत नाही. चाळिशीनंतर पोटरीच्या दुखापती वाढतात हे खरं आहे. त्यावरचा उपाय मात्र घरी बसणं नाही. या वयात स्नायू वापरला नाही तर आपोआप कमी होत जातो, आणि पाळी जायच्या सुमारास हाडंही विरळ व्हायला लागतात. जड वजन उचलणं आणि पायांवर भार घेणं हेच दोन्हींना धरून ठेवतं. तुम्ही जे करताय ते ४४ व्या वर्षी करायचंच काम आहे. फक्त पहाटे चहा-बिस्किटावर पळून, डबा घाईत खाऊन ते भागणार नाही. डाळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी-मासे, दोन्ही वेळच्या जेवणात ताटात ठळक दिसली पाहिजेत. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला वरणाचं पाणी येतं, आणि मग तिची पोटरी बरी होत नाही.

घरच्यांना "मी पळणारच" किंवा "मी सोडलं" यातलं काहीच सांगू नका. फ्रिजवरचा कागद दाखवा. "या तारखेला हे चार निकष जमले तर जाईन, नाहीतर जानेवारीत." काळजीपोटी बोलणारी माणसं हे ऐकल्यावर बहुतेक वेळा शांत होतात, कारण त्यांना भीती असते ती तुम्ही हट्टाने स्वतःला मोडून घ्याल याची. आणि यजमानांना किंवा मुलांना एक काम द्या: तांदळाची पिशवी गुडघ्यावर ठेवायला आणि उचलायला कुणीतरी लागतंच.

बिब भाच्याला देऊ नका. बहुतेक शर्यतींत ते नियमात बसत नाही, पण नियमापेक्षा मोठं कारण आहे. बिबच्या नंबरवर तुमचं नाव, वय, रक्तगट आणि घरचा फोन नोंदलेला असतो. घाटात तो कोसळला तर डॉक्टरांच्या हातात ४४ वर्षांच्या बाईची माहिती पडेल आणि फोन तुमच्या घरी येईल. नाव दुसऱ्याच्या नावे करता येतं का, किंवा पुढच्या वर्षी नेता येतं का, हे आयोजकांना आत्ताच ईमेल करून विचारा; अशा सवलतींची मुदत शर्यतीच्या बरीच आधी संपते. भाच्याला पळायचंच असेल तर त्याने स्वतःच्या नावाने नोंदणी करावी, आणि तोपर्यंत रविवारी सकाळी रंकाळ्यावर तुमच्याबरोबर एक मिनिट पळत, दोन मिनिटं चालत यावं.